युद्धकाळांतील विमानतळ पुन्हां उभारतांना

एखादा वाडा पडला तर त्याच्या जोत्यावरून त्याची मांडणी सांगतां येते. एखाद्या पोथीचें पान गहाळ झालें तर दुसऱ्या प्रतीवरून तें भरून काढतां येतें. परंतु एखादा विमानतळ नाहींसा झाला म्हणजे त्याचें काय शिल्लक राहतें? विमानतळ म्हणजे मुख्यतः मोकळी जागा. तिच्यावर नांगर फिरला कीं शेत होतें, घरें उठलीं कीं वसाहत होते, आणि काँक्रीट पसरलें कीं जुन्या जागेवर दुसराच विमानतळ तयार होतो. मग जुन्या मोकळ्या जागेचा इतिहास लिहावयाचा कसा? या प्रश्नाला अलीकडे एका अनपेक्षित दिशेनें उत्तर मिळूं लागलें आहे. संगणकावर उड्डाणाचा हुबेहूब आभास निर्माण करणारे जे कार्यक्रम आहेत, ज्यांना फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, त्यांच्याकरितां कित्येक हौशी मंडळी दुसऱ्या महायुद्धांतील विमानतळ पुन्हां उभे करीत असतात. हा उद्योग नुसता खेळ आहे कीं त्यांत इतिहासाची कांहीं सेवा आहे, आणि सेवा व्हावयाची तर तो कसा केला पाहिजे, हें एका उदाहरणानें आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

उड्डाणाचा आभास निर्माण करण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. एडविन लिंक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९२९ च्या सुमारास असें पहिलें उपयुक्त यंत्र तयार केलें. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते त्यानें एका ठेंगण्या लांकडी विमानाखालीं बसविले. आपल्या बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणेंच ते हवेनें फुगत व आकसत, आणि आंत बसलेल्यानें दांडी हलवितांच तें खोकें खऱ्या विमानासारखें कलत असे. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि वैमानिकांनीं या खोक्यांत बसून अभ्यास केला. पुढें संगणक घरोघर आले. १९८२ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपला फ्लाइट सिम्युलेटर बाजारांत आणला, आणि आज त्याच्याच जोडीला एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर इत्यादि कार्यक्रमहि लोक वापरतात.

या कार्यक्रमांचे ढोबळ मानानें दोन भाग पडतात. एक भाग विमानाचा: त्याचें वजन, त्याच्या पंखांचा आकार, त्याच्या यंत्रांची शक्ति. दुसरा भाग भोंवतालच्या सृष्टीचा. या दुसऱ्या भागाला इंग्रजींत सीनरी म्हणतात. आपल्या रंगभूमीवरील नेपथ्य हाच शब्द मला त्याला अधिक जवळचा वाटतो. हें नेपथ्य तीन थरांचें असतें. सर्वांत खालीं जमिनीचा चढउतार. शाळेंत आम्ही कागदाच्या लगद्याचे जे उठावाचे नकाशे करीत असूं, तसाच हा आंकड्यांचा केलेला उठावाचा नकाशा होय. त्याच्यावर जमिनीचें चित्र चादरीसारखें पसरलेलें असतें. आणि त्या चित्रावर इमारती, झाडें, दिवे, कुंपणें अशा वस्तु एकेक करून ठेवलेल्या असतात. प्रत्येक वस्तु म्हणजे एक पोकळ पुठ्ठ्याचें खोकेंच समजा. त्याच्या बाजूंवर विटांचें, पत्र्याचें किंवा रंगाचें चित्र चिकटविलें कीं दुरून तें खरें घर भासतें.

आतां अडचण कोठें येते ती पाहा. हल्लींच्या सिम्युलेटरांत जमिनीचें चित्र उपग्रहांतून व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून तयार होतें. त्यामुळें पृथ्वीचा बहुतेक भाग आपोआप दिसतो. परंतु तो आजचा दिसतो. जुना विमानतळ हवा असेल तर ही आजची चादर तेवढ्यापुरती उसवून तिच्या जागीं त्या काळची चादर विणावी लागते. आपलीं मुलें दिवाळींत मातीचा किल्ला करतात. त्यावर बालेकिल्ला असतो, मावळे असतात, आणि पायथ्याशीं एखादी प्लॅस्टिकची मोटारहि उभी असते. मुलांच्या किल्ल्यांत ती शोभून दिसते. परंतु जो मनुष्य ‘हा अमुक किल्ला अमुक दिवशीं असा होता’ असें सांगूं पाहतो, त्याला ती मोटार उचलून बाजूला ठेवलीच पाहिजे; आणि ती मोटार कोणती हें ओळखणें हेंच या कामांतलें पहिलें कौशल्य होय.

उदाहरणादाखल इंग्लंडमधील स्कॅम्प्टन हा विमानतळ घेऊं. इंग्लंडच्या पूर्वभागांत लिंकन म्हणून एक प्राचीन शहर आहे. त्याच्या उत्तरेस पांच-सहा मैलांवर, चुनखडीच्या एका लांबच लांब कड्याच्या माथ्यावर हा विमानतळ वसलेला आहे. पश्चिमेस कड्याचा उतार लागतो आणि त्याच्या पलीकडे ट्रेंट नदीचें सखल खोरें पसरलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, येथें प्रथम विमानें आलीं; युद्ध संपल्यावर ती जागा पुन्हां शेतीकडे गेली; आणि १९३६ सालीं रॉयल एअर फोर्सनें तेथें कायमचा तळ उघडला. १९४३ च्या मार्च महिन्यांत एका विशेष कामगिरीकरितां ६१७ क्रमांकाचें विमानपथक याच ठिकाणीं उभारण्यांत आलें. त्याचा नायक गाय गिब्सन हा जन्मानें सिमल्याचा. त्या वेळीं त्याचें वय अवघें २४ वर्षांचें होतें. १६ मे १९४३ च्या संध्याकाळपासून या पथकाचीं १९ लँकेस्टर विमानें जर्मनीच्या ऱ्हूर भागाला पाणी पुरविणारीं व त्याच्या आसपासचीं धरणें फोडण्यासाठीं स्कॅम्प्टनहून निघालीं. बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञानें त्यांच्याकरितां पाण्यावर टप्पे घेत जाणारा सुमारें ४२०० किलोग्रॅम वजनाचा बाँब तयार केला होता. म्योने आणि एडर हीं दोन धरणें फुटलीं. झोर्पे धरणास इजा झाली, पण तें टिकलें.

आतां समजा, एखाद्या तरुणानें मनांत आणलें कीं हें स्कॅम्प्टन आपण सिम्युलेटरांत उभें करावें. त्यानें पहिला प्रश्न ‘कोणतें स्कॅम्प्टन?’ असा विचारला पाहिजे. विमानतळ हा जिवंत प्राण्यासारखा वाढत व बदलत असतो. १९१६ चें, १९३६ चें, १९४३ चें आणि १९६० चें स्कॅम्प्टन हीं चार वेगवेगळीं स्थळें आहेत, जरी नकाशावर तीं एकाच बिंदूनें दाखविलीं जातात. म्हणून जागा निवडल्यावर तारीख निवडावी लागते. किंबहुना तारीख निवडल्यावांचून जागा निवडलीच जात नाहीं. आपण १६ मे १९४३ ची संध्याकाळ धरून चालूं.

ही तारीख ठरतांच उपग्रहाच्या चित्रांतील सर्वांत ठळक वस्तु खोडावी लागते. ती म्हणजे तेथील सुमारें ९००० फूट लांबीची काँक्रीटची धांवपट्टी. १९४३ च्या मे महिन्यांत स्कॅम्प्टनला काँक्रीटची धांवपट्टी मुळीं नव्हतीच. तें एक विस्तीर्ण गवताळ मैदान होतें. ६१७ क्रमांकाचें पथक त्या वर्षीं ऑगस्टअखेर कॉनिंग्सबी येथें हलल्यानंतर तेथें धांवपट्ट्या घालण्याचें काम झालें. मुख्य पट्टी २००० यार्डांची व दोन दुय्यम पट्ट्या १४०० यार्डांच्या, हें त्या काळच्या मोठ्या विमानतळांचें ठरीव माप होतें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत व्हल्कन नांवाच्या जेट विमानांसाठीं मुख्य पट्टी लांबविली गेली. ती लांबवितांना एक अडथळा आला, आणि तो अडथळा जवळजवळ दोन हजार वर्षांचा होता. विमानतळाच्या पूर्वेकडून रोमन लोकांनीं आंखलेला अर्माइन स्ट्रीट हा रस्ता ओळंब्यासारखा सरळ उत्तरेकडे जातो. पट्टीला जागा करून देण्यासाठीं या रस्त्याला बाहेरच्या बाजूस बांक द्यावा लागला, आणि तो बांक आजहि नकाशावर धनुष्यासारखा स्पष्ट दिसतो. म्हणजे १९४३ चें नेपथ्य करणाऱ्यानें पट्टी उखडावी, तिच्या जागीं गवत पेरावें, आणि रस्ता पुन्हां सरळ करावा. हीं तीन कामें केल्यावांचून त्यानें केवढींहि सुंदर घरें बांधलीं तरी तें १९४३ चें स्कॅम्प्टन होणार नाहीं.

कोणी म्हणेल, गवत काय आणि काँक्रीट काय, विमान उडालें म्हणजे झालें. परंतु या एका फरकानें इतिहासांतील एक घटना शक्य किंवा अशक्य ठरते. त्या संध्याकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं गिब्सनचें विमान आणि त्याच्या जोडीचीं दोन विमानें अशीं तिन्ही एकदम, रचना करून, जमिनीवरून उठलीं. लँकेस्टरच्या पंखांचा विस्तार १०२ फूट. अगदीं पंखाला पंख भिडवून उभीं केलीं तरी तीन विमानांना ३०६ फूट रुंदी पाहिजे. आणि युद्धकालीन काँक्रीटच्या पट्टीची रुंदी असे ५० यार्ड, म्हणजे १५० फूट. तेव्हां पट्टीवरून हीं तीन विमानें एकदम उठणें शक्यच नव्हतें. गवताच्या मैदानाला मात्र रुंदीची मर्यादा नव्हती. तीन विमानें एकदम उठलीं हें कागदपत्रांत वाचलेलें एक वाक्य. तें कां व कसें शक्य झालें, हें मैदान पुन्हां उभारतांना समजतें. माझ्या मतें या उद्योगाचें खरें मोल येथें आहे. पुस्तकांतील वाक्य आपण मान डोलावून पुढें वाचतों. तेंच वाक्य जमिनीवर मांडावयास गेलें कीं तें आपणांस अडवितें व प्रश्न विचारतें.

त्या प्रश्नांचीं उत्तरें कोठून आणावयाचीं? महाराष्ट्रांतील वाचकाला इतिहासाच्या साधनांची चर्चा नवी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास आरंभ केला, तेव्हांपासून अस्सल कागद वेगळा आणि बखर वेगळी, हा विवेक आपल्या अंगवळणीं पडला आहे. तोच विवेक येथें लावावयाचा. अस्सल साधनें पुष्कळ आहेत. प्रत्येक पथकाला व तळाला आपल्या दैनंदिन हालचालींची नोंदवही ठेवावी लागे. त्या वह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत जपलेल्या आहेत. कोणतें विमान किती वाजतां उठलें, कोण परतलें व कोण परतलें नाहीं, हें त्यांत मिळतें. ब्रिटिश हवाई खात्यानें केलेले विमानतळांचे व इमारतींचे आराखडे हेंडन येथील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयांत आहेत. १९४० नंतरच्या दशकांत रॉयल एअर फोर्सनें स्वदेशाचींच जीं छायाचित्रें आकाशांतून घेतलीं, त्यांचे मोठे संग्रह इंग्लंडांत व स्कॉटलंडांत उपलब्ध आहेत. यांत आणखी एका चमत्कारिक साधनाची भर पडते. जर्मन टेहळणी विमानांनींहि ब्रिटिश विमानतळांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, आणि बाँब टाकणाऱ्यांच्या सोयीसाठीं त्यांवर हॅंगर, दारूकोठारें, रस्ते यांना रेषांनीं वेढून क्रमांक घातले होते. शत्रूनें नाशासाठीं केलेली ही नोंद आज पुनर्रचनेच्या कामीं येते.

बखरीच्या कोटींत मी चित्रपट घालीन. या छाप्यावर १९५५ सालीं ‘द डॅम बस्टर्स’ हा प्रसिद्ध चित्रपट निघाला. अनेकांच्या डोळ्यांपुढें स्कॅम्प्टन म्हणून जें उभें राहतें तें या चित्रपटांतील असतें. परंतु त्यांतील विमानतळाचीं पुष्कळशीं दृश्यें जवळच्या हेम्सवेल या दुसऱ्या तळावर घेतलेलीं आहेत. बखर टाकाऊ नसते. ती भावना जपते, परंपरा सांगते. मात्र बखरींतील भिंतीचें माप घेऊन कोणी घर बांधूं नये.

साधनें जमल्यावर प्रत्यक्ष बांधकाम सुरू होतें. स्कॅम्प्टनची ओळख म्हणजे मैदानाच्या कडेला चंद्रकोरीप्रमाणें मांडलेले चार हॅंगर. विमानें आंत घेऊन दुरुस्त करण्याचीं हीं प्रचंड कोठारें १९३० नंतरच्या दशकांतील ‘सी’ नमुन्याचीं आहेत: लांबी सुमारें ३०० फूट, रुंदी १५० फूट, उंची ३५ फूट. नमुना ठरलेला असल्यामुळें एक नीट घडविला कीं त्याच्या प्रती ठेवतां येतात. घडविण्यासाठीं बहुतेक हौशी लोक ब्लेंडर नांवाचा विनामूल्य कार्यक्रम वापरतात. येथें काटकसर हा मोठा गुण समजला जातो. संगणकाला प्रत्येक पृष्ठभाग एका सेकंदांत अनेकदां रेखाटावा लागतो. तेव्हां प्रत्येक वीट घडवूं गेल्यास चित्र अडखळूं लागतें आणि विमान चालवितां येत नाहीं. म्हणून विटा घडवावयाच्या नसतात, त्यांचें चित्र चिकटवावयाचें असतें. त्यांतहि एकाच हॅंगरच्या तीन-चार आवृत्त्या करतात: जवळून दिसणारी तपशीलवार, मैलावरून दिसणारी साधी, आणि त्याहून दुरून दिसणारी म्हणजे नुसता ठोकळा. चित्रकार दूरच्या डोंगरावरील पानें काढीत नाहीं, तोच हा न्याय.

रंगाच्या बाबतींत एक गंमत सांगण्यासारखी आहे. युद्धकाळांत विमानतळ दिसूं नयेत म्हणून हॅंगरांवर हिरवे-तपकिरी पट्टे ओढीत, आणि कांहीं गवताळ विमानतळांवर तर गवतावरच शेताच्या खोट्या कुंपणांच्या रेषा रंगवीत, म्हणजे वरून पाहणाऱ्याला लहान लहान शेतें भासावींत. याच्याहि पुढें जाऊन कर्नल जॉन टर्नर यांच्या देखरेखीखालीं ब्रिटिश हवाई खात्यानें संबंध खोटे विमानतळ उभारले. दिवसा फसविण्याच्या ठिकाणांना ‘के’ आणि रात्रीं दिव्यांनीं फसविण्याच्या ठिकाणांना ‘क्यू’ म्हणत. ‘के’ ठिकाणांवर ठेवावयाचीं खोटीं विमानें लांकूड व कॅनव्हास यांचीं असत, आणि तीं करण्यास शेपर्टन येथील एका चित्रपटनिर्मितिगृहाचे नेपथ्यकारागीर लावले होते. म्हणजे विमानतळाचें नेपथ्य करणें हा धंदा महायुद्धांतच जन्मास आला होता. त्या नेपथ्याचा हेतु वरून पाहणाऱ्याला फसविणें हा होता. आजच्या नेपथ्याचा हेतु वरून पाहणाऱ्याला खरें तें दाखविणें हा असला पाहिजे. साधन एकच, पण त्याचा उपयोग करणाऱ्याची जबाबदारी उलटी झाली आहे.

जागा झाली, वस्तु झाल्या, आतां वेळ. नोंदींप्रमाणें पहिलें विमान रात्रीं ९ वाजून २८ मिनिटांनीं उठलें. सिम्युलेटरांत मे महिन्यांतील ही वेळ लावली तर सूर्य केव्हांच मावळून गेलेला दिसतो, आणि गिब्सनचीं विमानें संधिप्रकाशांत उडतात. प्रत्यक्षांत तशी स्थिति नव्हती. आज उन्हाळ्यांत ब्रिटनमधील घड्याळें ग्रिनिच वेळेच्या एक तास पुढें असतात. परंतु युद्धकाळांत उन्हाळ्यांत तीं दोन तास पुढें ठेवीत. आपल्याकडेहि १९४२ ते १९४५ या काळांत घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं, हें कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांतून ऐकलेलें असेल. तेव्हां स्कॅम्प्टनचे ९ वाजून २८ मिनिटें म्हणजे ग्रिनिचचे ७ वाजून २८ मिनिटें. लिंकनच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य ग्रिनिचच्या ८ वाजण्याच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहिलीं विमानें निघालीं तेव्हां मैदानावर उतरतें ऊन होतें आणि सावल्या लांब पडल्या होत्या. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती; पुढचा सारा प्रवास चांदण्यांत व्हावयाचा होता. उन्हाची ती तिरीप नेपथ्यांत बरोबर उतरली म्हणजे मैदानावर उभे राहून निरोप देणाऱ्यांना काय दिसलें असेल, तें आपणांसहि थोडेंबहुत दिसतें. दक्षिणेस लिंकनच्या प्रार्थनामंदिराचे मनोरे दिसतात. त्या भागांतील वैमानिकांना परत येतांना घराची खूण म्हणून ते मनोरेच ओळखीचे होते.

आणखी एक लहानशी गोष्ट. स्कॅम्प्टनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या हॅंगरसमोर, गिब्सनच्या कचेरीजवळ, त्याच्या काळ्या कुत्र्याचें थडगें आहे. त्या तळाच्या प्रत्येक वर्णनांत त्याचा उल्लेख येतो, आणि नेपथ्यकाराला तें मांडण्याचा मोह पडल्यावांचून राहत नाहीं. परंतु तो कुत्रा छाप्याच्या तोंडावर मोटारीखालीं सांपडून मेला, आणि त्याला पुरलें तें त्या रात्रीं बाराच्या सुमारास, गिब्सन जर्मनीवर असतांना. तेव्हां संध्याकाळीं साडेनऊच्या नेपथ्यांत तें थडगें असतां कामा नये. प्रसिद्ध वस्तु गाळण्याला नवी वस्तु मांडण्याहून अधिक निग्रह लागतो.

इतकें करूनहि पुष्कळ जागा कोऱ्या राहतात. अमुक झोपडीचें दार कोणत्या रंगाचें होतें, ६१७ व्या पथकाच्या जोडीला त्याच तळावर असलेल्या ५७ व्या पथकाचीं विमानें त्या घटकेला कोठें कोठें उभीं होतीं, असे बारीक प्रश्न शेंकड्यांनीं निघतात. छायाचित्र काळेंपांढरें असतें, आराखडा बांधकामाच्या आधींचा असतो, आणि वृद्धांच्या आठवणी एकमेकींशीं जुळत नाहींत. मूर्ति घडविणारा कारागीर मोडलेला हात पुन्हां बसवितो, तेव्हां जुना दगड आणि नवा दगड यांतील सांधा जाणत्याला दिसेल असा ठेवणें हा आजचा संमत प्रघात आहे. संगणकावरील चित्रांत असा सांधा उरत नाहीं. अंदाज आणि पुरावा दोन्ही सारख्याच तकतकीत रंगांत दिसतात. म्हणून नेपथ्याबरोबर एक टिपणवही दिली पाहिजे, आणि तींत स्पष्ट लिहिलें पाहिजे कीं, हा हॅंगर आराखड्यावरून केला, हा रस्ता छायाचित्रावरून, आणि ही झोपडी केवळ त्या काळच्या नमुन्यावरून ठेवली. चांगले नेपथ्यकार अशी वही देतात. पाहुण्यापुढें ताट ठेवून त्यांतील पदार्थ सांगणाऱ्या यजमानाप्रमाणें त्यांचा व्यवहार उघडा असतो.

आतां एका आक्षेपाचा विचार करावयास हवा, कारण तो गंभीर आहे. युद्ध हें संहाराचें नांव. त्याची स्थळें खेळासाठीं सजविणें योग्य आहे काय? त्या रात्रीं १९ विमानांतून १३३ माणसें गेलीं. आठ विमानें परत आलीं नाहींत. ५३ जण मेले आणि तिघे कैद झाले. तिकडे धरणांखालील खोऱ्यांत सुमारें १६०० माणसें पाण्यानें ओढून नेलीं. त्यांत शेंकडो माणसें जर्मनांचे शत्रूच होते: पूर्व युरोपांतून सक्तीनें कामाला आणलेले मजूर व कैदी. म्योने धरणाखालीं नेहाइम गांवाजवळ अशा मजूर स्त्रियांची छावणी होती. तिच्यांतील स्त्रिया शेंकड्यांनीं बुडाल्या. संगणकासमोर बसून धरण फोडण्यांत गुंग झालेल्या मुलाला हें कोणी सांगितलें नाहीं, तर आक्षेप खरा ठरतो.

परंतु मला असें वाटतें कीं, विमानतळाचें प्रामाणिक नेपथ्य या विस्मृतीला पोसण्याऐवजीं तिच्या विरुद्ध जातें. लढाईचा खेळ लक्ष्यावर सुरू होतो आणि लक्ष्यावर संपतो. विमानतळ हें निघण्याचें आणि परतण्याचें ठिकाण. एखाद्यानें १६ मे च्या संध्याकाळचें मैदान रचलें, आणि मग त्याच मैदानाचें १७ मे च्या सकाळचें रूप रचावयास घेतलें, तर त्याला काय बदल करावा लागेल? हॅंगर तेच, गवत तेंच, रस्ता तोच. फक्त विमानें उभीं करण्याच्या जागा मोजून त्यांतील आठ रिकाम्या ठेवाव्या लागतील. आणि तो खरोखर चौकस असेल, तर नेपथ्य या मैदानाच्या कुंपणाशीं न थांबवितां म्योनेच्या खोऱ्यापर्यंत नेईल, व नेहाइमची छावणी नकाशावर घालील. तीहि १६ मे ला संध्याकाळीं होती आणि १७ मे ला सकाळीं नव्हती. टिपणवहींत दोन ओळी अधिक लिहिण्याला कांहीं श्रम पडत नाहींत.

ही निकड आजच कां, असें कोणी विचारील. याचें उत्तर गेल्या कांहीं वर्षांच्या घटनांत आहे. त्या छाप्यांत भाग घेतलेल्यांपैकीं अखेरचा मनुष्य, जॉर्ज जॉन्सन, डिसेंबर २०२२ मध्यें वयाच्या १०१ व्या वर्षीं निवर्तला. आतां ‘तुम्हीं काय पाहिलें’ असें ज्याला विचारावें असा त्या विमानांतील कोणीहि उरला नाहीं. त्याच वर्षीं हवाई कसरती करणारें रेड ॲरोज हें पथक स्कॅम्प्टन सोडून वॉडिंग्टनला गेलें, आणि २०२३ सालीं तळ बंद झाला. तेथें आश्रयार्थी लोकांना ठेवण्याची योजना ब्रिटिश सरकारनें काढली व २०२४ सालीं ती सोडूनहि दिली. हॅंगर उभे आहेत. परंतु ज्या जागेचें काम संपलें, तिचें रूप फार दिवस स्थिर राहत नाहीं, हें आपण आपल्या गांवच्या गढींवरून व वाड्यांवरून जाणतों. साक्षीदार गेल्यावर जागा साक्ष देते. जागाहि बदलली म्हणजे कागद साक्ष देतात. आणि कागदांना बोलतें करण्यासाठीं कोणीतरी ते एकमेकांशेजारीं मांडावे लागतात.

सिम्युलेटरांतील नेपथ्य हें असें मांडण्याचें एक नवें साधन आहे. तें स्वतः पुरावा नव्हे, आणि त्यानें तसा आव आणूं नये. पण आराखडा, छायाचित्र, नोंदवही आणि पंचांग हीं चार साधनें एकाच जमिनीवर, एकाच घटकेला एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें तपासण्याची इतकी चांगली सोय आमच्या पिढीच्या इतिहासशिक्षकांना कधीं लाभली नाहीं. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी या छंदांत रमत असेल, तर तिला ‘वेळ कां घालवितेस’ असें म्हणण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारून पाहावेत: हा विमानतळ कोणत्या तारखेचा, ही इमारत कशावरून केली, आणि येथून निघालेल्यांपैकीं किती परत आले? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यासाठीं ती संगणक सोडून पुस्तकाकडे उठून गेली, तर तो छंद अभ्यास झाला असें खुशाल समजावें.